अंगी लागलेलं

८ जानेवारी

प्रिय वन्संबाई,

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे आई, आमची मुलगी, सगळे जागच्या जागी आहेत. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. अगं, या घरातला फोन आता चावडी झालाय. आईंना कमी ऐकू येतं म्हणून तो कायम मोठ्या आवाजावर लावलेला असतो. परवा तुझ्या दादानं विचारलं, "कशी आहेस?" मी तोंड उघडायच्या आत आई ओरडल्या, "बरी आहे रे, गुडघा तेवढा दुखतो!" अशा फोनवर मी तुझ्याशी काय कप्पाळ बोलणार?

तर मुद्द्याचं. तो तिकडे लिफ्ट बसवायला गेला, नव्या इमारतीचं तीन महिन्यांचं काम आणि राहायला बहिणीकडे, म्हणून मी निर्धास्त होते. आता कळतंय की तू त्याला तुमच्या इस्पितळातल्या संशोधनात घातलंस. आठ आठवडे रोजचं पोटभर जेवण, वर तुमच्याकडचे तीन लोण्याचे केक, आणि अधूनमधून तुझ्या त्या मशीनमध्ये जाऊन पडायचं. फोनवर हसत होता. म्हणे, "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला खाण्याच्या कामावर ठेवलंय." आई तर हरखल्याच. म्हणाल्या, "बायकोला सोळा वर्षांत जमलं नाही ते बहीण करून दाखवेल बघा."

हे वाक्य मला नवीन नाही. मी शिवणकाम करणारी बाई, माझ्याकडे सगळा हिशेब इंचात असतो. लग्नात त्याची कंबर अठ्ठावीस होती, आज एकोणतीस आहे. खातो माझ्या दुप्पट, पण अंगी म्हणून लागत नाही. आणि नवऱ्याच्या अंगी लागत नसेल तर बायकोच्या हाताला चव नाही, हा आपल्या घरचा कायदा तुला माहीतच आहे.

पण मला खरी भीती दुसरीच आहे. तुझे बाबा असेच काडी होते. एकोणपन्नासाव्या वर्षी दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता खाली बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले हृदय. लोक म्हणाले, एवढ्या बारीक माणसाला हृदयाचं कसं होईल? तुझा दादा आता त्रेचाळीसचा आहे. त्याच्या पोटात मुद्दाम लोणी भरायचं, हे काही मला पटत नाही. तुझ्या शब्दावर गप्प बसले आहे. मला खरं खरं लिहीत जा.

तुझी वहिनी

ता. क. पत्राच्या पाकिटावर माझंच नाव घाल, शिवणवर्गाच्या पत्त्यावर.


१५ जानेवारी

प्रिय वहिनी,

कान उपटलेस, बरं झालं. तुला आधी विचारायला हवं होतं. खरं सांगू? वीस माणसं हवी होती आणि एकोणीसच जमली होती. बारीक, निरोगी, सिगारेट न ओढणारा माणूस मिळता मिळेना. आणि माझ्या घरात सोफ्यावर नेमका तसा माणूस लोळत होता. तो आता आमच्याकडे वीस नंबर आहे. कागदावर नाव नाही, नुसता नंबर.

घाबरण्यासारखं काही नाही. माणूस जास्त खातो तेव्हा ते जास्तीचं शरीरात नेमकं जातं कुठे, एवढंच आम्हाला बघायचंय. वजनकाट्याला ते कळत नाही. तुझ्या टेपलाही नाही, रागावू नकोस. माझं मशीन पोटाची दोन चित्रं काढतं. एकात शरीरातलं पाणी तेवढं उजळतं, दुसऱ्यात चरबी तेवढी. चरबीच्या चित्रात जिथे पांढरं दिसेल तिथे चरबी, काळं दिसेल तिथे नाही. सुई नाही, दुखणं नाही. मी काचेमागून माइकवर सांगते, "श्वास घ्या, सोडा, धरा." दादा परवा म्हणाला, लहानपणी तू मला कधी गप्प बसवू शकली नाहीस, आता पगार घेऊन बसवतेस.

पहिलं चित्र झालं, दुसरं चार आठवड्यांनी. नियमानं मी फक्त बघायचं, सांगायचं आमच्या डॉक्टरीणबाईंनी. पण तुझा जीव टांगणीला लागलाय म्हणून सांगते. यकृत काळंभोर, चरबी जेमतेम तीन टक्के. कातडीखाली चरबीची एवढी बारीक रेघ की तुझ्या सुईत ओवता येईल. आमच्या बाई म्हणाल्या, असं पोट रोज बघायला मिळत नाही.

रोज मी त्याच्यासमोर बसून केक संपवून घेते. तू निवांत राहा.

तुझी नणंद


१० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

निवांत राहा म्हणालीस म्हणून राहायचा प्रयत्न केला. तीन आठवडे जमलं. आता नाही जमत.

फोनवर विचारलं की तो म्हणतो, "मस्त चाललंय." ते तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला तरी म्हणेल. आईंचं रोज सुरू असतं, "आता कसा गुटगुटीत होऊन येईल, मग बघा म्हणावं." हे "बघा म्हणावं" कोणासाठी ते मी ओळखते. परवा शेजारच्या बाईंसमोर म्हणाल्या, "मुलात काही खोट नव्हती हो, पोसणारं माणूस हवं होतं." मी ब्लाउजची बाही उसवत होते, ती जरा जास्तच उसवली गेली.

वन्सं, हसू नकोस, पण मलाही आता वाटायला लागलंय की तो जरा भरावा. एकदा तरी. सोळा वर्षं मी त्याच्यापुढे ताट ठेवते आणि माझं केलेलं कुठे जातं ते मला कळत नाही. म्हणजे भीती वाटते ती वाटतेच, आणि वर हेही वाटतं. दोन्ही एकाच पोटात.

चार आठवड्यांनी दुसरं चित्र असतं म्हणाली होतीस. ते झालं असेल. मला टक्के-बिक्के नकोत. एका शब्दात सांग, त्याच्या अंगी लागतंय का?

आणि हो, त्या केकची कृती पाठव. तुमच्या स्वयंपाकघरात मिळेल ना?

वहिनी


१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. मशीन दोन दिवस बंद होतं, मग कामं साठली.

दुसरं चित्र झालं. दादा मजेत आहे. वजन सातशे ग्रॅम वाढलंय. कामावर जातो, जिने चढतो, संध्याकाळी माझ्या खिडकीची कडी दुरुस्त करतो. मी बघते ते सगळं सांगायची मला मुभा नाही, हे तुला मागे लिहिलंच होतं. ज्या गोष्टी सांगायच्या त्या आमच्या बाई शेवटी सांगतील आणि कागदावर लिहूनही देतील.

तू एका शब्दात विचारलंस. अंगी लागतंय.

केकची कृती सोबत जोडली आहे. तुमच्या घरच्या ओव्हनमध्ये जरा कमी आच ठेवावी लागेल.

आईला सांग, गुडघ्याला शेक देत जा.

तुझी नणंद


२३ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या वन्सं,

तुझा तो एक शब्द वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला. शिवणवर्गात उभ्या उभ्या वाचला. मुली विचारायला लागल्या, "बाई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, माप बदललं!"

घरी येऊन आईंना तीनदा ओरडून सांगितलं. पहिल्या वेळी त्यांना वाटलं अंगण झाडायला सांगतेय. तिसऱ्यांदा कळलं तेव्हा मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "लग्नानंतर पहिली दोन वर्षं तूही फार काही करायचीस त्याच्यासाठी. आठवतंय मला." सोळा वर्षांत एवढं गोड त्या कधी बोलल्या नव्हत्या. मी आत जाऊन रडून घेतलं.

आता तो परत आला की गाडी रुळावरून घसरू द्यायची नाही. केक करून बघितले. पहिल्या घाण्याचे दगड झाले, दुसरे जमले. आई समोर बसून लोणी फेसून देतात, हात दुखले तरी ऐकत नाहीत. आम्ही दोघी एकाच ओट्याशी, एकमेकींना न टोचता, असं तू बघितलं असतंस तर तुझा विश्वास बसला नसता.

तुझे उपकार कसे फेडू?

तुझी वहिनी


१० मार्च

वहिनी,

काल शेवटचं चित्र झालं. दादा परवा निघेल. त्याच्या बॅगेत आमच्या बाईंनी दिलेला कागद आहे. तो तू वाच. नक्की वाच, आणि त्यात लिहिलंय तसंच कर. आठ आठवड्यांनी, मेच्या सुरुवातीला, त्याला पुन्हा एकदा चित्रासाठी यायचंय.

फार लिहीत नाही. कागद वाच म्हणजे झालं.

नणंद


१९ मार्च

प्रिय वन्सं,

तो आला! चेहऱ्यावर काय तुकतुकी आली आहे म्हणून सांगू. दारातच टेप लावली. साडेएकोणतीस! अर्धा इंच, वन्सं! आईंनी दृष्ट लागेल म्हणून शेजारच्या बाईंना दार उघडलं नाही.

कागद कागद म्हणून तू एवढं बजावलंस, बॅगेत तर सापडला नाही, पण तो माझ्याकडे कधीचाच आहे. तीच ना ती केकची कृती? तू फेब्रुवारीत पाठवलेली? तुझ्या दादाला विचारलं तर म्हणाला, "हो, तोच असेल." त्यात लिहिलंय तसंच चाललंय, काळजी नसावी. रोज तीन. रविवारी चार, कारण रविवारी आई हट्ट करतात. तो पहिल्या दिवशी जरा कुरकुरला, मग आईंच्या तोंडाकडे बघून गपचूप खाल्लं. बिचारा. आता दोघी वाढणाऱ्या असल्यावर नाही कोणाला म्हणणार?

मी त्याची एक पँट कंबरेत सैल करून ठेवली आहे. आज ना उद्या लागेल.

तुझी सुखात असलेली
वहिनी


२४ मार्च

वहिनी,

हे पत्र मिळेल त्या क्षणी केक बंद कर. साय, लोणी, सगळं. आधी बंद कर, मग पुढचं वाच.

तुझं पत्र काल मिळालं. लगेच घरी फोन केला. आईनं उचलला. मी म्हटलं, "केक बंद करा." आई म्हणाली, "संपले? अगं नाही संपले, रोज भाजतो आम्ही!" मी ओरडले, "देऊ नका त्याला!" तर म्हणते, "तुला हवेत? पाठवते की!" तू वर्गावर गेली होतीस. मग दादाला कामावर गाठलं. म्हणाला, "दीड किलो तर वाढलोय. दोघी इतक्या खूश आहेत गं, मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? थोडे दिवस खातो, मग सोडतो." बाईंचा कागद त्याच्या हत्यारांच्या पेटीत आहे, पान्यांच्या खाली, घडी न मोडता. कृतीचा कागद वेगळा आणि हा वेगळा, वहिनी. हा कमी खाण्याचा होता.

आता सगळं लिहिते. नियम गेला खड्ड्यात.

इतर एकोणीस जणांचं जास्तीचं खाणं बहुतेक कातडीखाली गेलं. त्यांची पोटं सुटली, गाल वर आले, त्यांना एकमेकांची थट्टा करता आली. दादाची कातडीखालची रेघ होती तशीच आहे. त्याच्या शरीराला ते बाहेर ठेवताच येत नाही. चार आठवड्यांनी मी काचेमागे बसून चित्र उघडलं तर काळंभोर यकृत राखाडी झालेलं. आतड्यांभोवती पांढरे ठिपके. यकृतातली चरबी तिनावरून सहावर. आठव्या आठवड्यात अकरा. वीस जणांत सगळ्यात कमी वजन त्याचं वाढलं आणि सगळ्यात जास्त चरबी आत त्याच्या गेली. ही आतली चरबी वाईट, ती साखरेला त्रास देते, हृदयाला त्रास देते. दिसतं तसं नसतं म्हणतात ना, ते मी रोज काचेतून बघते आणि माझ्याच भावाच्या वेळी विसरले.

चौथ्या आठवड्यात बाईंनी मला विचारलं होतं, "वीस नंबरला थांबवावं का? थांबवायच्या दहा टक्क्यांच्या हद्दीच्या आत आहे, पण वेग जास्त वाटतो." मी म्हणाले, "आत आहे ना, मग चालू दे." मला सख्ख्या भावाला घेतल्याबद्दल कोणी काही बोलू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. थांबवलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं.

आणि मग तुझं पत्र होतं टेबलावर. अंगी लागतंय का? एका शब्दात सांग. मी कितीतरी वेळ पेन धरून बसले. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायची छाती नव्हती. म्हणून तुझाच शब्द तुला परत केला. तो खोटा नव्हता. लागतच होतं, फक्त आत. पण तू तो कसा वाचशील हे मला पक्कं ठाऊक होतं, वहिनी. ठाऊक असूनच लिहिला. नंतर स्वतःला समजावलं की बाईंचा कागद सगळं सांगेल.

बाबांसारखं होईल का, असं तू विचारशील. ते कोणी सांगू शकत नाही. पण हे परत फिरतं. कमी खाल्लं, चाललं, तर यकृतातली चरबी सगळ्यात आधी उतरते. मेमध्ये त्याला घेऊन ये. काहीही करून आण.

मला काय बोलायचंय ते बोल. पण आधी केक.

तुझी
नणंद


१९ एप्रिल

वन्सं,

मुद्दामच लिहिलं नाही इतके दिवस. लिहिलं असतं तर ते तुझ्यानं वाचवलं नसतं.

तुझं पत्र मी वर्गात वाचलं. यावेळी मुलींनी काही विचारलं नाही. घरी गेले, डबा उघडला, सात केक होते, ते कचऱ्यात टाकले. आई बघत होत्या. लोणी त्यांनी फेसलेलं होतं.

राग त्या अकराचा नाही आला, खरं सांगते. पहिल्या वेळी सगळं चांगलं होतं तेव्हा तुला नियम आठवला नाही. यकृत काळंभोर, रेघ सुईत ओवता येईल, सगळं भडाभडा लिहिलंस. वाईट दिसलं तेव्हा नियम आठवला. आणि तू मला त्या शब्दावर एक महिना नाचवलंस. तो महिना माझ्या लग्नातला सगळ्यात चांगला महिना होता, हे तुला कळतंय का? मी माझ्या हातानं त्याच्या यकृतात लोणी भरत होते आणि गाणी म्हणत होते.

असो. पोटात होतं ते ओठावर आलं. आता पुढचं.

तुझा दादा आधी ऐकेना. कागद पेटीतून काढून त्याच्यासमोर आपटला. म्हणतो, "बाबांना काही माहीत नव्हतं, मजेत जगले, मजेत गेले. मला कशाला सांगता?" मी म्हटलं, "ते मजेत गेले. एकोणीस वर्षांचा तू त्या अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत गेलास आणि त्यांना बाहेर ओढलंस. आपल्या मुलीनं कोणत्या लिफ्टमधून ओढायचं तुला?" तो उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून मोजून खातो, आणि कामावर जिन्यानं चढतो. त्याचा मुकादम म्हणाला, लिफ्टवालाच जिना चढायला लागला तर धंद्याची बदनामी होते. मेच्या चार तारखेला त्याला घेऊन येते आहे.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. आईंसाठी लिहिते आहे.

केक का टाकले ते त्यांना सांगावंच लागलं. आणि आपल्या घरात काही सांगायचं म्हणजे ओरडूनच. मी ओरडले, "त्याला बाहेर नाही, आत चढते चरबी!" त्या म्हणाल्या, "काय?" मी ओरडले, "बारीक माणसाला वरून दिसत नाही! आत साठते! हृदयाला वाईट!" तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा त्यांना नीट ऐकू आलं. मला वाटलं आता माझा उद्धार होईल. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की या घरात तेवढ्या हळू कोणी बोलतच नाही, "म्हणजे ह्यांच्या अंगी लागत होतं तर."

तेव्हापासून बाई बदलल्या. मला टोचत नाहीत. टोचाव्यात असं मला वाटतं, इतक्या गप्प असतात. मुलाला वाढताना वाटीनं मोजतात, दोनदा मोजतात. स्वतःच्या ताटात अर्धी पोळी घेतात आणि म्हणतात पोट भरलं. पंधरा दिवसांत त्यांच्या ब्लाउजच्या बाह्या मी दोनदा आत घेतल्या. काल कपाट आवरताना तुझ्या बाबांचा शर्ट हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "रोज सगळी साय ह्यांना द्यायचे मी. तुम्हा पोरांना लागू देत नव्हते."

मी सांगितलं, तसं काही नसतं. माझं कोण ऐकतं, मी शिंपीण. तू मशीनवाली आहेस. तुझ्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. एकदा तू मला खरं लपवून लिहिलंस. आता माझ्यासाठी एक खोटं लिही. बाबांचं वेगळंच होतं, आत काहीही नव्हतं, असं लिही. मोठ्या अक्षरात, त्यांच्या नावानं. मी तुला सगळं माफ करीन.

वहिनी


७ मे

प्रिय वहिनी,

बाई आकडा तुम्हाला टपालानं कळवणारच आहेत, पण मी थांबत नाही. दादाचं सहा झालंय. अकरावरून सहा. तीन नाही अजून, आणि मी तीन होईल असं वचनही देत नाही. पण उतरतंय. परवा तू काचेच्या या बाजूला माझ्याशेजारी उभी होतीस आणि एक शब्द बोलली नाहीस, तेव्हा मला वाटलं होतं की याहून तू दोन शिव्या दिल्यास तर बरं.

आईसाठी खोटं लिहायला बसले. चार कागद फाडले. नाही जमलं, वहिनी. तुझ्या माफीसाठीसुद्धा नाही. जे जमलं ते सोबत आहे. वाचून दाखवू नकोस, तिच्या हातात दे. डोळे तिचे चांगले आहेत.

तुझी नणंद


७ मे

प्रिय आई,

दादाचं चित्र मी परवा काढलं. पोटातली चरबी निम्म्याजवळ आली आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढ्या लवकर कसं काय, घरी कोण बघतं? मी म्हटलं, त्याची बायको आणि आमची आई. आई वाटीनं मोजून वाढते. त्या म्हणाल्या, आमच्याकडे येणाऱ्यांच्या घरात अशी आई नसते म्हणून तर पंचाईत होते.

तू बाबांचं मनाला लावून घेतलंस, असं वहिनीनं लिहिलं. वहिनीला वाटतं मी तुला सांगावं की त्यांना तसलं काही नव्हतं. मला ते सांगता येत नाही. तेव्हा असलं मशीन आपल्या आसपास कुठेच नव्हतं, बाबांच्या आत कोणी बघितलं नाही. असेल किंवा नसेल. माझ्या आयुष्यात मी हजारो पोटं बघितली आणि हे एक मला कधी बघता येणार नाही.

पण जे मी डोळ्यांनी बघितलं ते सांगते. मी दहा वर्षांची असेन. बाबांना ताप येऊन गेला होता, आणि आपले म्हातारे डॉक्टर दारात चपला घालता घालता तुला म्हणाले होते, "वहिनी, याच्या अंगावर मांस नाही, याला चांगलं खाऊ घाला." तू त्याच दिवसापासून साय काढून ठेवायला लागलीस. ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनीच तुला तसं सांगितलं. मग तू काय करणार होतीस?

आणि बाबा दिवसाला वीस सिगारेटी ओढायचे, ते तू वहिनीला सांगितलं नाहीस. दुकानात त्यांना दिवसभर बसायला मिळायचं नाही, ते सांगितलं नाहीस. तू फक्त साय सांगितलीस, कारण तेवढीच तुझ्या हातची होती.

मी मात्र वहिनीला फसवलं आणि दादाला जोखमीत घातलं. मला सगळं दिसत होतं तरी मी तसं केलं. तुला काही दिसत नव्हतं. आपल्या दोघींमध्ये रागवायचंच असेल तर माझ्यावर रागव, आणि तुला जमेल तेवढ्या मोठ्यानं रागव.

आता हे पत्र खाली ठेव आणि वहिनीला हाक मार. तुझ्या ताटात तिला वाढू दे. ती वाढेल तेवढं सगळं खा, अर्धं टाकून उठू नकोस. मी रविवारी दुपारी फोन करीन. काय जेवलीस ते मला तू स्वतः सांगायचंस.

तुझी
धाकटी